मागून येणारा हुंकार

डोंगरावरच्या उद्यानातून उतरताना धुकं असं दाटलं, की हातभर पुढचं दिसेना. बाई पुढे आणि नवरा मागे, ही लग्नापासूनची रीतच. बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. मागे वळून बघायची गरजच नव्हती, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्याला नवऱ्याचा हुंकार ठरलेला.

"गुडघा दुखतोय ना? तरी सांगत होते, काठी घ्या."

"हं."

"धाकट्या लेकीशी धरलेला अबोला आता पुरे. उद्याच फोन करा तिला."

"हं."

स्वारी आज भलतीच ऐकतेय म्हटल्यावर बाईंनी मनातलं बोलून घेतलं. "आणि या वयात मला एकटीला टाकून कुठं जायचं नाही. शेवटपर्यंत माझ्या मागेच राहायचं. कबूल?"

या वेळी हुंकार अगदी कानापाशी आला. "हं."

खाली फाटकाशी नवरा गाडीला टेकून उभा होता, रागानं लालबुंद.

"होतीस कुठं? मी पायऱ्यांच्या वाटेनं केव्हाच उतरलो. वरूनच तुला ओरडून सांगितलं होतं, पण तुझी बडबड थांबेल तेव्हा ऐकू येणार ना!"

बाई मुकाट्यानं गाडीत त्याच्या शेजारी बसल्या.

"आता का दातखीळ बसली?" नवऱ्यानं किल्ली फिरवली. "निघायचं ना घरी?"



"हं," मागच्या सीटवरून उत्तर आलं.