दोनदा ‘स’

“बाबा, दोनदा ‘प’ दाबा,” संजीवनी म्हणाली.

उकंडरावांनी दाबलं. मोबाइलवर ‘मला पाणी हवं आहे’ असं अख्खं वाक्य उमटलं. स्पीकरच्या खुणेवर बोट ठेवलं, तर आतल्या बाईने ते वाचूनही दाखवलं. आवाज गोड होता आणि मराठी शहरातलं.

उकंडरावांनी पाटी ओढली. गळ्यावरची पट्टी अजून निघाली नव्हती. कॅन्सरने स्वरयंत्र नेलं होतं. मलकापूरच्या भाजीबाजारात उभा जन्म लिलाव पुकारलेला माणूस आता खडूने बोलत होता. त्यांनी लिहिलं, ‘मी असं कधी म्हनतो?’

संजीवनीला हसू आलं. तिने वाक्य पुसून ‘पानी आन’ घातलं. बाईने तेही तितक्याच गोडीने वाचलं, त्यामुळे त्यातली सगळी गंमतच गेली.

मग ‘दम लागला’ झालं, ‘गळा दुखते’ झालं. प्रत्येकाला एक अक्षर, दोनदा दाबायचं. उद्या संजीवनी नागपूरला परत जाणार होती. त्यानंतर घरात आई-बाबा दोघंच. काही झालं तर सत्यभामाबाईंना हाक पोचायला हवी होती, आणि स्वयंपाकघरात मिक्सर लागला की उकंडरावांच्या टाळ्या तिथवर पोचत नसत.

“मायले बोलवाले काय टाकू?”

‘अवं,’ त्यांनी लिहिलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. या घरात दुसरी हाक संजीवनीने कधी ऐकलीच नव्हती.

तिने आवाज पूर्ण वाढवला. उकंडरावांनी दोनदा ‘अ’ दाबला, मग स्पीकरची खूण पुन्हा पुन्हा.

“अवं,” बाई म्हणाली. “अवं. अवं.”

“संजे, तो टीव्ही कमी कर वं!” आतून सत्यभामाबाई ओरडल्या.

उकंडरावांचं तोंड एवढंसं झालं.

“टीव्ही नाही लागला, माय. बाबा बोलावून राह्यले तुले.”

सत्यभामाबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या. मोबाइलकडे त्यांनी परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

“मले काय मालूम? अवं तं कोनीबी कोनाले म्हनते.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुमच्या आवाजात होतं, म्हून ते माहं होतं.”

एवढं बोलून त्या आत गेल्या. तव्यावर भाकर होती.

उकंडरावांनी संजीवनीच्या हातून मोबाइल घेतला. एका बोटाने, अक्षरं शोधत, ते बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. मधेच पुसलं, पुन्हा लिहिलं. ते दोनदा ‘स’ दाबल्यावर यावं अशी सोय त्यांनी तिच्याकडून करून घेतली. एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि दाबलं.

“सत्यभामा,” बाई म्हणाली.

आतला भाकर थापल्याचा आवाज थांबला. सत्यभामाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“इतक्या वर्सात कधी नाव घेतलं नाही,” त्या म्हणाल्या, “अन् आता घेतलं, तं बाईच्या तोंडून.”

उकंडराव चोरी पकडल्यासारखे खाली बघत राहिले. आत भाकर करपल्याचा वास सुटला होता. संजीवनी उठली, तर आईने तिला हातानेच बसवलं.

“अजून एकदा दाबा,” त्या म्हणाल्या.