ओट्यावरचं फडकं

"चंद्रकलाबाई पपई काय सुंदर कापतात!" नवरा पुन्हा म्हणाला, तशी वृंदाने हातातला डबा आदळला. फळांच्या गाडीवालीचं नावसुद्धा पाठ! रोज संध्याकाळी तिच्याच गाडीवर थांबायचं आणि घरच्या पपईला हात लावायचा नाही.

वृंदा प्रयोगशाळेत खाद्यपदार्थांमधले जंतू तपासायची. तिने गाडीवरच्या फोडी तपासायला नेल्या, तुलनेसाठी घरी कापलेल्याही नेल्या. दोन दिवसांनी जंतू वाढवायच्या काचेच्या बशा पाहिल्या, तर चंद्रकलाच्या बशीत जंतूंचे मोजके ठिपके होते. घरची बशी मात्र जंतूंनी गच्च भरली होती. सुरी पुसायचं ओट्यावरचं ओलं फडकं तिला आठवलं.

तरीही तिने घरच्याच बशीचा फोटो नवऱ्याला पाठवला. 'बघ, तुझ्या चंद्रकलाबाईंची पपई!'

घरी गेल्यागेल्या आधी ते फडकं फेकायचं, असं ठरवूनच ती निघाली. पण नवरा तिच्याआधी पोचला होता. ओट्याशी उभा राहून, त्याच फडक्याने सुरी पुसून तो पपई कापत होता.

"तुझंच खरं होतं गं. आता बाहेरचं बंद," म्हणत त्याने पहिली फोड प्रेमाने तिच्या तोंडापुढे धरली.

वृंदाने मुकाट्याने तोंड उघडलं.