बाहीतला संबळ

अर्धांगवायूने अंबादास गोंधळ्याचा उजवा हात गेला. त्या हातावर चढवलेली संवेदकांची बाही पुण्याच्या डॉक्टरांना स्नायूंची बारीकशी हालचालही कळवायची. पण हात काही हलेना, म्हणून आज ती काढायचं ठरलं होतं.

फोनवर डॉक्टर मैत्रेयींनी भलतंच विचारलं. “काका, काल दुपारी काय करत होतात?”

“पडून होतो. मनातल्या मनात देवीचा गोंधळ चालला होता.”

“तेव्हाच बाहीकडून ठेक्यात काहीतरी येत होतं,” त्या म्हणाल्या. “आत्ता पुन्हा वाजवा. बाहीकडून जे येईल त्याला मी संबळाचा आवाज देते.”

अंबादासने डोळे मिटले. फोनमधून एक टोला आला, मग दुसरा, आणि बघता बघता संबळ घुमू लागला. तो थांबला की आवाज थांबे, त्याने लय वाढवली की आवाज धावे. त्याने डोळे उघडले. हात गोधडीवर निपचित पडला होता.

“तुमचं मन हातापर्यंत पोचतंय, काका!” डॉक्टर जवळजवळ ओरडल्याच. “बाही राहू द्या. हा हात आपण उठवू.”

पिठाच्या हातांनी त्याची बायको सुंदराबाई धावत बाहेर आली. “अहो, कोण आलंय वाजवायला?”

“मीच गं,” अंबादास रडत म्हणाला. “मीच वाजवतोय.”