कारवीचा डोंगर

सात वर्षांनी कारवी फुलली होती. सगळा डोंगर जांभळा झाला होता, आणि गाडीरस्ता संपला तिथंच हेमलताबाई धापा टाकत बसल्या होत्या.

त्यांच्या छातीतलं यंत्राचं हृदय जस्ताच्या बॅटरीवर चालायचं. मेंदीच्या रंगापासून केलेल्या पट्टीत जस्ताचे जड आयन सावकाश शिरत, सावकाश निघत. त्या चालीवर घरातल्या घरात फिरता येई, डोंगर चढता येत नसे. मनगटावरची कळ दाबली, की हायड्रोजनचे हलके आयन धावू लागत आणि हृदय जोरात चाले. पण त्यानं पट्टी झिजे, आणि ती बदलता येत नव्हती.

"हेमा, वर्षभराचं आयुष्य जाईल," त्यांचे पती मधुसूदनराव म्हणाले.

"आणि हाही फुलोरा मी खालूनच बघायचा का?"

मग मधुसूदनरावांनीच त्यांच्या मनगटावरची कळ दाबली.

धुक्यातून दोघं वर पोचली. खांद्यापर्यंत फुलं होती, मधमाश्या गुणगुणत होत्या, पाय जमिनीला लागत नव्हते जणू.

"आता हळू करू?" त्यांनी विचारलं.

हेमलताबाईंनी त्यांचा हात आपल्या छातीवर धरला.

"थांबा हो. अजून थोडं धडधडू दे."