हिरवा कसा उमटला?

दिलावरचाचांनी चाळीस वर्षं जत्रेत शोभेची दारू उडवली, पण स्वतःचे रंग कधी पाहिले नाहीत. एक बाण वर फुटायचा तेव्हा ते वाकून पुढच्याची वात पेटवत असायचे. बघायची ती त्यांची बायको, जैनब. "आज बेरियम झकास जळलं, हिरवा अगदी पोपटाच्या पंखासारखा," घरी जाताना ती सांगायची. नाहीतर करवादायची, "बेरियमला मिठाचा हात लागला वाटतं, पिवळट पडला."

तिच्या माघारी ही पहिलीच जत्रा. शेवटच्या बाणानंतर पेटवायला काहीच नव्हतं, तरी चाचा सवयीनं वाकलेलेच राहिले. मान वर केली, तर नुसता धूर.

"हिरवा कसा उमटला?" त्यांनी शेजारच्याला विचारलं.

"हिरवा पण होता होय? आवाज मात्र जबरा हां, चाचा!"