पाठीवरचा हात

"मार उडी! मार उडी!"

खाली काठावर मुलांनी एका तालात टाळ्या धरल्या होत्या. वर, उंच फळीच्या टोकाला नऊ वर्षांची मुलगी उभी होती. पायाची बोटं फळीच्या कडेवर घट्ट आवळलेली. तिच्यामागे लोखंडी जिन्यावर चार मुलं खोळंबली होती. आज जो उडी मारेल तो मोठ्यांच्या गटात जाणार होता. ही तर खुद्द सरांची मुलगी. ती काय मागे हटणार?

सर, म्हणजे तिचे बाबा, पाण्याच्या कडेला शिट्टी मुठीत धरून उभे होते. "वाघीण आहेस ना माझी? चल. एक, दोन..." तीन म्हणून झालं. पुन्हा एकदा म्हणून झालं. वाघीण हलली नाही.

त्या तलावावर फळीवर चढलेलं पोर जिन्यानं परत येत नसे. गेल्या वर्षी एक मुलगा आला, तर पोरांनी त्याचं नाव 'जिनेवाला' पाडलं. पुढच्या आठवड्यापासून तो पोहायला यायचा बंद झाला. सरांनी पोरांना दटावलं होतं, पण हसत हसत.

"अरे, बघत काय राहिलास?" पालकांच्या बाकावरून आजोबा ओरडले. "ढकल तिला! तुला नव्हतं ढकललं मी?"

हशा पिकला. तो किस्सा इथं सगळ्यांना तोंडपाठ होता. सर स्वतःच रंगवून सांगायचे: सात वर्षांचा होतो, वडिलांनी मागून दिलं ढकलून, आणि वर आलो तो पोहतच!

सर जिना चढू लागले. खोळंबलेल्या मुलांनी अंग चोरून त्यांना वाट दिली. एकाचेही डोळे वर झाले नाहीत.

टाळ्यांचा वेग वाढला. सरांनी मुलीच्या पाठीवर तळवा टेकवला. तिच्या काळजाची धडधड थेट हाताला लागत होती. आता फक्त जरासा जोर. सगळे वाहवा करणार होते.

मुलीनं मान वळवली नाही. ती हळूच म्हणाली, "बाबा, ढकलणार असशील तर आधी सांग हं. मी श्वास धरून ठेवते."

सरांचा हात जागच्या जागी थिजला.

किश्श्यातला एक भाग त्यांनी कधीच कोणाला सांगितला नव्हता. वडिलांचा हात पाठीवर आला, तेव्हा सात वर्षांच्या त्या पोराला हायसं वाटलं होतं. वाटलं, बाबा आले. आता धरतील. त्या दिवसानंतर ते वडिलांकडे पाठ करून कधी उभे राहिले नव्हते. आजही नाही.

त्यांनी पाठीवरचा हात काढला आणि मुलीचा गार पडलेला हात धरला.

"नाही ढकलत. आज नाही आणि कधीच नाही. चल, खाली जाऊ."

"जिन्यानं? सगळे चिडवतील रे."

"मग दोघांनाही चिडवतील."

मुलीनं फळीची कड सोडली आणि एक पाऊल मागे घेतलं. सर कठड्याशी आले. खालपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "आम्ही जिन्यानं उतरतोय. आणखी कोणाला उतरायचं असेल तर उतरा. कोणी काही म्हणणार नाही. म्हटलं तर माझ्याशी गाठ आहे."

टाळ्या थांबल्या. आजोबांनी तोंड फिरवलं. मुलीनं बाबांचा हात आणखी घट्ट धरला.

बापलेक वळून जिन्याच्या तोंडाशी आले, तर जिना रिकामा होता. चारही मुलं कधीच खाली पोचली होती.