पहिली जुळणारी नोंद

"बोल, अजून एक बोट मोडू?"

गिरीराजनं रविकिरणची करंगळी आधीच मोडली होती. कोयता कीबोर्डशेजारी टेबलात रुतवला होता. रविवारची दुपार, के. आर. पुरमच्या त्या ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. कोपऱ्यातला कॅमेरा तेवढा बघत होता.

"पवित्रा माझी बायको आहे. तिच्या सोसायटीच्या गेटवर मला रोखतात. ते अ‍ॅप तुमचंच ना? काढ माझी बंदी."

"मारशील तिला."

"मारीनच! स्वल्प, जरा लवकर हात चालव."

लाजलज्जा काही आहे की नाही मेल्याला!

रविकिरणला दरदरून घाम फुटला. पवित्रा त्याच्याच गावची, बेळगावची. तिच्या केसाला या राक्षसाचा हात लागलेला त्याला खपला नसता. ड्रॉवरमध्ये कागद कापायचा कटर होता, पण कोयत्यापुढं तो काय टिकणार?

एरवी या नोंदींना हात लावायची कुणाची टाप नव्हती. कुणी काय बदललं ते लगेच वर कळायचं आणि नोकरी जायची.

त्यानं सर्जापूर रोडवरच्या तिच्या फ्लॅटची नोंद उघडली. आत येणाऱ्याजाणाऱ्यांची यादी होती: दूधवाला, कामवाली अक्का, आणि रोखलेली दोन माणसं. गिरीराज अगदी तळाला होता.

इथं पठ्ठ्याचं डोकं चाललं. 'रोखा'चं 'सोडा' करताना त्यानं नुसतं डॉलरचं चिन्ह टाकलं. या डेटाबेसची खोडच अशी, की त्या चिन्हानं यादीतली पहिली जुळणारी नोंद, म्हणजे वरून पहिला 'रोखा', तेवढी बदलते. खालच्या जशाच्या तशा राहतात.

पडद्यावर आलं: एक नोंद बदलली.

"सरी, ठीक आहे," म्हणत गिरीराजनं त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. दात पडला, रक्त शर्टावर सांडलं. गिरीराज कोयता उचलून निघाला.

रविकिरणनं तडक पोलिसांना फोन लावला. गेटवर अडवल्यावर गिरीराजनं पहारेकऱ्याच्या खांद्यावर वार केला, पण पोलिसांनी त्याला तिथंच लोळवलं.

"जिवावर बेतलं होतं रे!" कॅमेऱ्यातलं सगळं बघून साहेबीण प्रणिता रडवेली झाली. "त्या बदलाबद्दल तुला कोण विचारणार आता?"

संध्याकाळी, करंगळीला पट्टी बांधून, रविकिरण सर्जापूर रोडला पोचला. कटर खिशात होता. गेटवरच्या दुसऱ्या पहारेकऱ्यानं नाव विचारलं, पडद्यावर पाहिलं.

"रविकिरण... सहा महिने लाल होतं की हे, सर. आज हिरवं झालंय. जा आत."